न भरणारा लॅपटॉप आणि नकाराचे कारण

लॅपटॉप भरत नाही अशी तक्रार घेऊन कोणी दुरुस्तीच्या दुकानी गेला, म्हणजे त्यास बहुधा दोन उत्तरांपैकी एक ऐकावयास मिळते. ‘बॅटरी गेली’ हे पहिले आणि ‘बोर्ड गेला’ हे दुसरे. पहिल्या उत्तराची किंमत काही हजार रुपये असते. दुसऱ्याची किंमत ऐकून पुष्कळ लोक जुने यंत्र कपाटात ठेवतात आणि नव्याच्या शोधास लागतात. दोन्ही उत्तरे कधीकधी खरी असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती ज्या तत्परतेने दिली जातात ती पाहता, परीक्षेपूर्वीच निदान झाले असावे अशी शंका घेण्यास जागा राहते. घरच्या यंत्राच्या बाबतीत हा केवळ खर्चाचा प्रश्न असतो; शाळेच्या बाबतीत तो त्याहून मोठा आहे. ज्या वर्गात पन्नास मुलांमागे दहा लॅपटॉप आहेत, तेथे तीन बंद पडले की पाचांच्या जागी सात मुले एकेका पडद्याभोवती दाटी करतात, आणि मागे उभ्या राहिलेल्या मुलांचे बोट त्या तासाला कळफलकास लागत नाही.

या विषयात एक मूलभूत गैरसमज आढळतो. न भरणारा लॅपटॉप म्हणजे बिघडलेला लॅपटॉप, असे सरसकट धरले जाते. वस्तुतः आजचा लॅपटॉप ही विजेचा स्वीकार करण्यापूर्वी विचारपूस करणारी वस्तू आहे. आलेला दाब योग्य आहे काय, चार्जर ओळखीचा आहे काय, विद्युत्घट तापले किंवा गारठले तर नाहीत ना, ते फाजील रिकामे झालेले तर नाहीत ना, हे सर्व पाहून मगच यंत्र आपले दार उघडते. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मनाजोगे नसेल तर दार बंद राहते. म्हणजेच न भरणे हा पुष्कळ वेळा बिघाड नसून नकार असतो, आणि नकाराला कारण असते. ते कारण शोधून काढणे हे काम सामान्य माणसाच्या किंवा नववी-दहावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. ते यंत्राने स्वतःहून सांगावे, अशी मागणी करण्याचाही ग्राहकास अधिकार आहे. या लेखाचा मुख्य मुद्दा हाच.

प्रथम विजेचा मार्ग थोडक्यात पाहू. भारतात भिंतीतील सॉकेटात 230 व्होल्ट दाबाचा, सेकंदास 50 आवर्तने करणारा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. लॅपटॉपला हवा असतो साधारणतः 19 ते 20 व्होल्टचा एकदिश प्रवाह. हे रूपांतर तारेच्या मध्यावर असलेली काळी पेटी, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, करते. ती आलेल्या प्रवाहास प्रथम एकदिश बनविते, मग सेकंदास हजारो वेळा त्याचे तुकडे पाडते आणि ते एका चिमुकल्या रोहित्रातून नेऊन हव्या त्या दाबावर आणते. आवर्तने जितकी जलद, तितके रोहित्र लहान पुरते. म्हणून जुन्या रेडिओचे विटेएवढे जड रोहित्र आज खिशात मावते. बहुतेक पेट्यांवर 100 ते 240 व्होल्ट असा पल्ला छापलेला असतो. यास्तव खेड्यातील दाब जरा उतरला म्हणून लॅपटॉप भरेनासा होतो, हा तर्क सहसा टिकत नाही. ढिले सॉकेट, एकास एक जोडलेली एक्स्टेन्शन बोर्डे आणि प्लगाच्या मुळाशी आतल्या आत तुटलेली तार ही कारणे कितीतरी अधिक आढळतात.

शोधाची दिशा बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे असावी. त्याच सॉकेटात दुसरे एखादे उपकरण चालते का? दुसऱ्या, निश्चितपणे चांगल्या व त्याच जातीच्या चार्जरने हाच लॅपटॉप भरतो का? आणि हाच चार्जर दुसऱ्या लॅपटॉपला चालतो का? या तीन प्रश्नांनी अर्धे क्षेत्र निकालात निघते. अट एवढीच की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सॉकेट, चार्जर आणि लॅपटॉपची जागा एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर काम साधते. परंतु दोष कोठे होता हे कळत नाही आणि तो पुढील आठवड्यात परत येतो. प्रयोगशाळेत एकच राशी बदलून बाकीच्या स्थिर ठेवण्याचा जो नियम मुलांना शिकविला जातो, त्याचे याहून सोपे उदाहरण शोधूनही सापडावयाचे नाही.

मल्टिमीटरविषयी येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. चार्जरच्या टोकाशी मल्टिमीटर लावला आणि त्याने 19.5 व्होल्ट दाखविले, म्हणजे चार्जर निर्दोष ठरला, असे अनेक जण मानतात. ते बरोबर नाही. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. तीनचार अ‍ॅम्पिअर देण्याची वेळ आली की वृद्ध झालेल्या चार्जरचा दाब कोसळू शकतो. रिकाम्या हाताने ताठ चालणारा मनुष्य डोक्यावर पोते घेऊनही तसाच चालेल, अशी खात्री देता येत नाही. उलट चार्जरवरील दिवा एरवी लागतो आणि लॅपटॉपला जोडताक्षणी विझतो, असे दिसले तर दोष लॅपटॉपच्या आत असण्याचा, बहुधा कोठेतरी मंडलसंक्षेप झाल्याचा, संभव अधिक. अशा वेळी घरगुती प्रयोग थांबवून जाणत्याकडे जाणे इष्ट.

आता ओळखीचा प्रश्न. तो या विषयातील सर्वांत मनोरंजक आणि तितकाच वादग्रस्त भाग आहे. डेल कंपनीच्या अनेक लॅपटॉपांच्या गोल प्लगात मध्यभागी एक बारीक सुई असते. ती वीज वाहून नेत नाही, निरोप वाहून नेते. चार्जरमध्ये एक लहान स्मृति-चिप असते आणि तिच्यात तो किती वॉटचा आहे हे नोंदलेले असते. ही सुई वाकली किंवा तिच्यामागची केसासारखी तार तुटली, तर वीज येतच राहते, लॅपटॉप चालतोही, परंतु चार्जरची ओळख पटली नाही म्हणून तो विद्युत्घट भरण्याचे नाकारतो. मालकास एवढेच दिसते की यंत्र चालते पण भरत नाही. आणि दुकानदार त्यास ‘बॅटरी गेली’ असे सांगतो. बॅटरी जागच्या जागी असते, गेलेली असते ती ओळख.

अलीकडे सर्वत्र रूढ झालेल्या यूएसबी टाइप-सी जोडणीत ही विचारपूस एका पूर्ण संभाषणाच्या थरास गेली आहे. चार्जर प्रथम केवळ 5 व्होल्ट पुढे करतो. मग केबलमधील एका स्वतंत्र तारेवरून तो आपल्यापाशी काय काय आहे ते सांगतो: 5, 9, 15, 20 व्होल्ट आणि प्रत्येकी किती अ‍ॅम्पिअर. लॅपटॉप त्यातून आपणास हवे ते मागतो आणि करार झाल्यावरच दाब वाढतो. मोबाईलचा लहान चार्जर दिसावयास तसाच असला तरी त्याच्या यादीत 20 व्होल्ट नसतातच, तेव्हा लॅपटॉपने त्याच्याकडे पाठ फिरवावी यात नवल नाही. या संभाषणात केबलही मूक साक्षीदार नसते. साध्या केबलला 3 अ‍ॅम्पिअरपर्यंतच मुभा आहे, म्हणजे 20 व्होल्टवर 60 वॉट. त्याहून अधिक, 5 अ‍ॅम्पिअरपर्यंत न्यावयाचे, तर केबलच्या टोकात तिची लायकी सांगणारी चिप असावी लागते. ती नसेल तर 100 वॉटचा उत्तम चार्जर आणून जोडला तरी लॅपटॉपला 60 वॉटच मिळतात, आणि भारी काम चालू असता बॅटरी भरण्याऐवजी हळूहळू उतरू लागते. शिवाय टाइप-सीचे प्रत्येक भोक वीज घेतेच असे नाही. काही केवळ माहितीच्या देवघेवीसाठी असतात. बाहेरून सारखे दिसावे आणि आतून निराळे असावे, हा या जोडणीचा दोषच म्हणावा लागेल. तिच्या गुणांची स्तुती करणाऱ्यांनी हेही सांगावयास हवे. खिशातील व पिशवीतील धाग्यांचा लगदा भोकात बसून प्लग पुरता आत न जाणे, हे तर इतके सामान्य कारण आहे की यंत्र बंद करून लाकडी दातकोरणीने तो अलगद काढला म्हणजे कित्येक ‘गेलेले बोर्ड’ परत येतात.

चार्जर निर्दोष ठरला की शोध आत वळतो. बॅटरीस मराठीत घटमाला म्हणतात. हा शब्द आज मागे पडत चालला असला तरी वस्तूचे वर्णन त्यात अधिक चांगले आहे. लॅपटॉपच्या बॅटरीत तीन किंवा चार लिथियम-आयन घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येकाचा दाब सरासरी 3.6 ते 3.7 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर बहुधा 4.2. विहिरीवरील रहाटाच्या घटमालेत एक मडके फुटके असले तर बाकीची पाणी आणीतच राहतात. विजेच्या घटमालेचा न्याय कठोर आहे. एकसरीतील सर्वांत दुबळा घट संपला की सारी माला संपली. 1970 नंतरच्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी या घटाचा पाया घातला, 1980 मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र सुचविले, 1985 मध्ये अकिरा योशिनो यांनी त्यास व्यवहार्य रूप दिले आणि 1991 मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला. तिघांनाही 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या थोड्या वजनात इतकी ऊर्जा साठविणारा हा घट स्वभावाने मात्र तापट आहे. त्यास गोठणबिंदूखाली भरावयास घेतले, तर लिथियम ऋणाग्राच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचू लागते आणि पुढे अंतर्गत मंडलसंक्षेपाचा धोका उत्पन्न होतो. साधारण 45 अंश सेल्सिअसच्या वर भरल्यास त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून प्रत्येक घटमालेत तापमान मोजणारा रोधक असतो, आणि या दोन मर्यादांच्या बाहेर नियंत्रक प्रवाह रोखून धरतो. हिवाळ्यात लेहच्या शाळेतील गारठलेला लॅपटॉप आणि मे महिन्यात नागपूरच्या पत्र्याच्या खोलीत तापलेला लॅपटॉप, दोन्ही न भरण्याचा संभव आहे आणि दोन्ही निर्दोष आहेत. पहिल्यास खोलीच्या उबेत आणावे, दुसऱ्यास सावलीत, पंख्याखाली तासभर बंद ठेवावे. एवढ्याने काम भागते. याच जातीचा आणखी एक निष्कारण घबराटीचा प्रसंग आहे. पडद्यावर 80 आकडा दिसतो आणि भरणे थांबते. घटाचे आयुष्य वाढावे म्हणून अनेक कंपन्यांनी ही मर्यादा मुद्दाम ठेवलेली असते आणि ती यंत्राच्या सेटिंगमध्ये बदलता येते.

शाळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र याहून निराळे आहे, आणि ते सुट्टीत घडते. परीक्षा संपतात, लॅपटॉप कपाटात रचले जातात, कुलूप लागते. त्या वेळी ते भरलेले आहेत की रिकामे, हे कोणी पाहत नाही. किंबहुना शेवटच्या तासाला वापरून ते रिकामेच ठेवले जातात. दीडदोन महिन्यांच्या उन्हाळ्यात घट आपोआप थोडे उतरतात आणि त्यांच्यावर पहारा करणारे मंडलही थोडीथोडी वीज खात राहते. जून महिन्यात कुलूप निघते तेव्हा प्रत्येक घटाचा दाब तीन व्होल्टच्या बराच खाली गेलेला असतो. तो आणखी उतरल्यास ऋणाग्राच्या पाठीशी असलेल्या तांब्याच्या पत्र्याचे कण विद्युत् विच्छेद्यात विरघळू लागतात, आणि पुन्हा भरताना ते नको तेथे जाऊन बसतात. अशा घटात जोराने प्रवाह सोडणे म्हणजे आगीस आमंत्रण होय. यास्तव नियंत्रक प्रथम नेहमीच्या सुमारे दशांश प्रवाहाने घटास चुचकारून पाहतो. या काळात पडद्यावर काहीच हलत नाही, दिवाही कधीकधी लागत नाही, आणि पाच मिनिटे वाट पाहून शिक्षक ‘हाही गेला’ असे म्हणून लॅपटॉप बाजूस ठेवतात. तो तासभर, आणि प्रसंगी त्याहून अधिक वेळ, जोडलेला ठेवला असता तर कदाचित जागा झाला असता. मर्यादेपलीकडे उतरलेली घटमाला मात्र स्वतःस कायमचे बंद करून घेते. बाहेरून थेट प्रवाह देऊन ती जागी करण्याची कला काही कारागीर अभिमानाने मिरवितात. तिला उत्तेजन देऊ नये. यंत्राने दिलेल्या नकारांपैकी हा सर्वांत प्रामाणिक नकार आहे. एप्रिल महिन्यात निम्मे भरून, पूर्ण बंद करून, थंड जागी ठेवलेले लॅपटॉप जूनमध्ये ही तक्रार सहसा करीत नाहीत, आणि या उपायास एक पैसाही लागत नाही.

कधीकधी घट व चार्जर दोन्ही ठीक असूनही मधला नियंत्रक एखाद्या चुकीच्या अवस्थेत अडकून पडतो. चार्जर काढावा, निघत असेल तर घटमालाही काढावी आणि चालू करण्याची कळ पंधरा ते तीस सेकंद दाबून धरावी. धारित्रांतील उरलीसुरली वीज संपते आणि नियंत्रक नव्याने आरंभ करतो. बऱ्याच कंपन्या हा उपाय आपल्या पुस्तिकेत देतात, पण का ते सांगत नाहीत. त्यामुळे लोकांत तो मंत्रतंत्राप्रमाणे पसरला आहे.

एका गोष्टीत मात्र प्रयोगास जागा नाही. स्पर्शपट्टी वर उचललेली दिसली, तळ टेबलावर सपाट बसेनासा झाला किंवा झाकणात फट पडली, तर आतील घट वायूने फुगले आहेत असे समजावे आणि ते यंत्र पुन्हा जोडू नये. घट टोचणे, दाबणे, उन्हात ठेवणे या गोष्टी प्राणावर बेतू शकतात. ऑगस्ट 2006 मध्ये डेल कंपनीस सोनीने बनविलेल्या सुमारे 41 लाख लॅपटॉप-घटमाला आगीच्या भयाने परत मागवाव्या लागल्या, हा इतिहास फार जुना नाही.

निर्मात्यांचा युक्तिवाद याच इतिहासावर उभा आहे. अनोळखी चार्जर आणि बनावट घटमाला धोकादायक असू शकतात, म्हणून यंत्राने त्यांना नाकारावे, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु सुरक्षिततेसाठी नकार आवश्यक असतो, मौन नव्हे. घटमालेतील नियंत्रकास प्रत्येक क्षणी दाब, तापमान, भरण्याच्या फेऱ्यांची संख्या आणि उरलेली क्षमता ठाऊक असते. ही माहिती यंत्रास कळविण्याची सामायिक भाषा इंटेल व ड्युरासेल यांनी 1990 नंतरच्या दशकातच आखून दिली. विंडोज प्रणालीत एका आज्ञेसरशी बॅटरीचा अहवाल निघतो आणि मूळ क्षमता किती व आज भरते किती, हे त्यात मिलिवॉट-तासांत लिहिलेले असते. मग ‘घट फार तापला आहे’, ‘चार्जरची ओळख पटली नाही’, ‘केबल 60 वॉटचीच आहे’ हे एक ओळीचे वाक्य मालकाच्या भाषेत पडद्यावर उमटविण्यास अडचण कोणती? काही यंत्रे यांपैकी एखादे वाक्य दाखवितात, यावरून ते शक्य आहे हे सिद्धच होते. बाकीची ‘जोडलेले आहे, भरत नाही’ एवढे सांगून गप्प बसतात. या मौनाची किंमत मालक भरतो आणि तिचा लाभ नवे यंत्र विकणारास होतो. हे मौन मुद्दाम राखलेले आहे असा आरोप करण्याची गरज नाही. ते चालू राहण्यात कोणाचे नुकसान नाही हे पाहिले म्हणजे पुरे.

कायद्याची पावले या दिशेने पडू लागली आहेत, पण ती आखूड आहेत. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर तो दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे दहांपैकी गुण छापावे लागू लागले. युरोपीय संघाने लॅपटॉपांस सामायिक टाइप-सी जोडणीसाठी 28 एप्रिल 2026 ही तारीख नेमून दिली, आणि लहान उपकरणांतील घटमाला वापरणाऱ्यास स्वतः बदलता यावी यासाठी 18 फेब्रुवारी 2027. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काविषयीचे पोर्टल सुरू केले आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने हे चार विभाग घेतले. सुटे भाग आणि पुस्तिका मिळणे ही त्यामागील अपेक्षा योग्यच आहे. तीत नकाराच्या कारणाचीही भर पडावयास हवी. शाळांसाठी शेकड्यांनी लॅपटॉप घेणाऱ्या सरकारी खात्यांना कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. निविदेत तेवढे एक कलम घातले की पुरते.

तोवर शाळेने एक खात्रीचा चार्जर, एक खात्रीची केबल आणि एक साधा मल्टिमीटर वेगळा राखून ठेवावा, आणि प्रत्येक लॅपटॉपच्या नावे वहीत एक पान उघडावे. कोणत्या तारखेस काय दिसले, एकच कोणती गोष्ट बदलली आणि परिणाम काय झाला, एवढेच त्यात लिहावयाचे. हे काम विज्ञानाच्या शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवावे. झाकण उघडण्याचे काम मात्र सोपवू नये. खरोखरच संपलेल्या घटमाला कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 अन्वये त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तोवर त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, कागदांपासून व उन्हापासून दूर, धातूच्या डब्यात वाळूवर ठेवाव्यात.